संघपालचा कधी बंद न होणारा कॉम्प्युटर

पातूरच्या बसस्टँडसमोर संघपालचं लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान आहे, आणि त्याला लागून माझं चपलांचं. त्यामुळे त्याचं दुखणं मला त्याच्या बायकोइतकंच ठाऊक. त्याच्या कॉम्प्युटरात कुणीतरी फुकटात घालून दिलेली जुनी, विनापरवाना सिस्टीम होती. बंद केला तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही, म्हणून हा गडी तो बंदच करत नसे. लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर थकला की माझ्या दुकानातून ओढलेली वायर. बाहेरगावी मुक्काम म्हणून नाहीच.

अशात ऐन लग्नसराईत त्याची मुलगी प्रियदर्शनी अमरावतीला बाळंत झाली. नीलमवहिनी तिकडे गेल्या. हा इथे नातीचा फोटो मोबाइलवर बघायचा आणि पुन्हा पत्रिकेत डोकं घालायचा. मला त्याचा संताप यायचा.

"पैसे भर अन् नवी सिस्टीम टाक ना," मी म्हटलं.

"चालून राहिली तं पैसे काहून द्यायचे? अन् माहा जुना फॉन्ट उघडला नाही तं? अक्षरांच्या जागी चौकोन आले, तं या वयात नवं टायपिंग शिकू काय?"

त्याचंही खोटं नव्हतं. पण नात काही त्याच्या फॉन्टसाठी लहान राहणार नव्हती. मी ते तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे त्यानं अकोल्याहून कॉम्प्युटरवाल्या योगेशला बोलावलं.

योगेशनं आधी फॉन्ट आणि पत्रिका वेगळ्या काढून ठेवल्या, मग नवी सिस्टीम टाकली. संघपाल तोवर माझ्या दुकानात पाठ फिरवून उभा.

"तू पाह्य. माही हिंमत नाही."

मी डोकावलो. हिवरखेडच्या कुणा नवरदेवाचं नाव, काना-मात्रेसकट, जसंच्या तसं.

"अक्षरंच हायेत बाप्पा."

मग तो वळून स्वतः पाहायला आला. माझाही जीव भांड्यात पडला. सिस्टीम महाग होती, यात वाद नाही. वरून पाहाल तर चार बटणं इकडची तिकडे झालेली, बाकी काही नाही.

संघपालनं कॉम्प्युटर बंद केला, सुरू केला, पुन्हा बंद केला. मग वहिनींना स्पीकरवर फोन लावला.

"मी येऊन राहिलो. मुक्कामाले."

"अन् मशीनजवळ कोण बसणार?"

"बंद केली."

 वहिनी तिकडे मुलीला म्हणाल्या, "प्रियदर्शनी, तुये बाबा राह्याले येऊन राहिले."