पाण्यात ऐकणारी कमलबाई

एरंडोलजवळच्या आमच्या गावात कमलबाईशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. लग्न होऊन आली तेव्हा तिचे कान चांगले होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऐकू येणं कमी होत गेलं, आणि तिशी उलटायच्या आत मागून ट्रॅक्टर आला तरी तिला कळेना. पण ती रडत बसणारी बाई नव्हती. समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाजाने उत्तर द्यायची. जावेने मीठ मागितलं की ही पीठ घेऊन यायची, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

तिचा नवरा चिंधा विहिरीत बुडी मारून पडलेल्या वस्तू काढून द्यायचा. घागरी, बादल्या, कधी पाण्याची अख्खी मोटर. दम धरून तळाशी जायचं, दोर बांधायचा, मग वरचे गडी ओढणार. अडचण एकच होती, खालून वर सांगायचं कसं? दोराला झटका द्यायची रीत होती, पण वजनाने दोर ताठ झाला की झटका वर पोचतच नसे.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कमलबाई त्याची भाकरी घेऊन एका विहिरीवर गेली. ऊन भाजून काढत होतं. तिचं माहेर गिरणेच्या काठचं, पाण्याचं भय नव्हतंच. ती पायऱ्या उतरून पाण्यात शिरली, डोकं बुडवलं आणि ताडकन वर आली.

"कोन ठोकी ऱ्हायनं?"

काठावरचे गडी एकमेकांकडे बघू लागले. त्यांना कसलाच आवाज आला नव्हता. कमलबाईने पुन्हा डोकं बुडवलं आणि एक हात वर काढून बोटांनी ठोके मोजू लागली. तेवढ्यात चिंधा वर आला. तळाशी पाइप अडकला होता आणि तो दगडाने ठोकून सोडवत होता.

"तुले आयकू वनं?" त्याने ओरडून विचारलं.

"साफ आयकू वनं!"

चिंधाला खरं वाटेना. दोन दगड घेऊन तो पुन्हा खाली गेला, मनाला येतील तितके ठोके दिले आणि वर येऊन विचारलं. तिने बरोबर सांगितले. तो पुन्हा गेला, पुन्हा बरोबर. कितीतरी वर्षांनी तो बायकोशी न ओरडता बोलत होता. भाकरी तशीच राहिली.

मग दोघांनी खुणा ठरवल्या. एक ठोका म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा, सारखे ठोके म्हणजे दोर सोडा. कमलबाई कासोटा घट्ट मारून पाण्यावर उताणी तरंगायची, कान पाण्यात आणि तोंड वर. खालून निरोप आला की ती वर ओरडायची.

पुढच्या वर्षी गावातल्या तोतारामआबांची मोटर विहिरीत पडली. चिंधाने दोर बांधला, एक ठोका दिला, गडी ओढू लागले. मोटर थोडी उचलली आणि तिरकी झाली. दोराच्या वेढ्यात चिंधाचा पाय सापडला. खालून ठोक्यांचा नुसता सपाटा सुरू झाला.

"ढील द्या! बठ्ठा दोर सोडा!" कमलबाई किंचाळली.

"वर येई ऱ्हायनी ना आता! वढा रे!" आबा गड्यांना म्हणाले.

कमलबाई दोराला लोंबकळली आणि जीव खाऊन ओरडली, "सोडा!"

तिचा चेहरा बघून गड्यांनी हात सोडले. क्षणभराने चिंधा खोकत वर आला. नडगी सोलवटली होती, बाकी ठीक होता. आबा स्वतः पायऱ्या उतरले, त्याला हात दिला आणि कमलबाईकडे बघून म्हणाले, "आजपासून ही सांगी तेच खरं."

त्यानंतर चिंधा तिला धुळ्याला, देवपुरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून कानाजवळ धरला. तिला काही कळलं नाही. त्याचं बूड कानामागच्या हाडाला टेकवलं तशी ती दचकून हसली.

"कानातलं बारीक हाड आखडलंय," डॉक्टर म्हणाले. "हवेतला आवाज आत पोचत नाही. आतला कान मात्र ठणठणीत आहे. पाण्यातला आवाज डोक्याच्या हाडांतून थेट आत जातो. ऑपरेशन करता येईल, पण मग बुडी मारायची नाही."

चिंधाने ते सगळं तिला ओरडून सांगितलं.

"मंग यास्ना ठोका कोन आयकी?" ती डॉक्टरांना म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.

दहा-अकरा वर्षं दोघं असेच विहिरीविहिरींनी फिरले. मग बोअर आले, विहिरी आटल्या, बोलावणी थांबली. तेव्हा कमलबाईनेच एके दिवशी देवपूरचा विषय काढला.

ऑपरेशननंतर कानातला बोळा निघाला आणि दोघं धुळ्याच्या स्टँडवर आले. कंडक्टरांच्या हाका, कुल्फीवाल्याची घंटा, एसट्यांची घरघर. कमलबाईने दोन्ही हात कानांवर ठेवले. "इतला गोंगाट रोजना शे का?"

पण गाडी सुटल्यावर तिने चिंधाला कोपराने ढोसलं. "बोला ना काही."

"काय बोलू?"

"काहीबी बोला. पन वरडू नका."

चिंधाला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. एरंडोल येईपर्यंत अख्ख्या गाडीला त्यांच्या घरचं सगळं कळलं होतं, आणि उतरताना एक अनोळखी म्हातारी त्यांच्या म्हशीची तब्येत विचारत होती.