मोहोळबाई आणि तीन मणी

मोहोळबाई चिडल्या की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. समोरच्याचं तोंड धूसर दिसलं की त्याची दया येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चष्मा डोळ्यांवर असतानाही ती आलेली मी कधी पाहिली नाही.

बाई मूळच्या हिंगणीच्या. वर्ध्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या पेप्टाइडं घडवत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची बारीकशी माळ. एक मणी बदलला की माळेचा स्वभाव बदलतो. बाईंना चिघळलेल्या जखमेतले जंतू मारणारी, पण माणसाच्या रक्ताला धक्का न लावणारी माळ हवी होती. एका वेळी एकच मणी बदलायचा, मग जंतूंवर तपासायचं, मग रक्तावर, हा त्यांचा शिरस्ता.

मी तेव्हा तिशीतली, डॉक्टरेट नव्या नथीसारखी मिरवणारी. बाईंना न विचारता तीन मणी एकदम काढले आणि तिथं ल्युसिन हे तेलकट आम्ल बसवलं. जंतू पटापट मेले. या शहाणीनं मजलाभर पेढे वाटले!

"काऊन वं, रक्तावर तपासलं?"

"अजून नाही, बाई."

"मंग पेढे कायचे वाटून राह्यली? हात पुढं कर."

रक्त माझंच काढलं. पेशी शाबूत राहिल्या तर तळाशी बसतात, वरचं पाणी नितळ राहतं. माझी नळी वरपासून खालपर्यंत लाल. तेलकट मण्यांनी जंतूंबरोबर माझ्या पेशीही फोडल्या होत्या.

"आता या तिघांतला खुनी कोन, सांगजो मले!"

पण पेढ्यांची बातमी प्रयोगशाळेच्या साहेबांपर्यंत पोचली होती. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे फक्त मेलेले जंतू दाखवायचे, रक्ताचं नंतर पाहू, असं ठरलं. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पोराच्या जखमेले लावता काय हे?" साहेबांनी त्यांना ग्रंथालयात बसवलं. इतकी वर्षं झाली, माझं डोकं अजून तापतं. या कामात हयात घालवलेल्या बाईला पुस्तकांची धूळ झटकायला लावली!

बाई निघताना एवढंच म्हणाल्या, "एकएक ल्युसिन काढून पाहाजो."

मधलं काढलं तेव्हा पाणी नितळ राहिलं, जंतूही मेले. मी तशीच त्यांच्या नालवाडीच्या घरी धावले. आधी साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग निकाल सांगितला. वाटलं, बाई पाठ थोपटतील.

"कोनाचं रक्त होतं?"

"माझंच."

"एकटीचं? तुह्यं तं भल्लं गरम हाय. दुसऱ्याचं कोन तपासन?"

परतताना मी रस्ताभर त्यांच्यावर तणतणले. दुसऱ्या दिवशी सकाळी आख्ख्या मजल्याला बाह्या वर करायला लावल्या.