बरणी ढवळायची वेळ

"आणि पोरींकडं कोण बघतं गं?"

हा प्रश्न तेजस्वीला शेजारणीनं विचारला, नणंदेनं विचारला, हळदीकुंकवाला आलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या बाईनंसुद्धा विचारला. एकदा तर गॅसची टाकी द्यायला आलेल्या माणसानं विचारला. आता त्याचा काय संबंध, सांगा की! पण त्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चिनी मातीची भलीमोठी बरणी दिसली, तिच्या तोंडातनं निघालेली सलाईनची नळी दिसली, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुड करताना दिसलं.

"वैनी, हे काय म्हणायचं?"

"करवंदाची वाईन."

त्यानं खांद्यावरची टाकी खाली ठेवली, शेजारच्या पाळण्यात हातपाय झाडणाऱ्या चार महिन्यांच्या पोरीकडं बघितलं, आणि तोच प्रश्न तोंडावर मारला. ज्या बाईच्या एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी, तिला विचारतोय पोरींकडं कोण बघतं! डोळे फुटले होते का?

तर ही तेजस्वी. शिवाजी पेठेत सासर. शिकलेली कशात, तर सूक्ष्मजीवशास्त्रात, एम.एस्सी. लग्नाआधी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत नोकरीला होती. मळी आंबवायच्या टाक्या असायच्या दोन-दोन मजली. कुठल्या टाकीतलं यीस्ट दमलंय, कुठलं माजलंय, हे ती नुसत्या वासावरनं सांगायची, आणि मिशीवाले फोरमन तिचं ऐकायचे. पंच्याण्णव साली थोरली यशोधरा झाली आणि घरातल्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "पोरगी जरा मोठी होऊ दे, मग जा की परत." पोरगी मोठी झाली. मग म्हणाले, आता दुसरं होऊ दे. दोन हजार एकच्या जानेवारीत शर्वरी झाली. मग तर कोण काही म्हणेचना.

नोकरी गेली, पण नाकाला लागलेली सवय कुठं जाणार? दर मे महिन्यात शाहूवाडीकडची बयाबाई पिकल्या करवंदांच्या पाट्या घेऊन पेठेत यायची. बाकीच्या बायका पोरांना खायला द्रोणभर घ्यायच्या. तेजस्वी अख्खी पाटी घ्यायची. त्यातनं सहा-सात बाटल्या निघायच्या, आणि पुढच्या वर्षापर्यंत नितळ, लालभडक होऊन माळ्यावर उभ्या राहायच्या. पिण्याची हौस म्हणाल तर चव बघायला चमचाभर तिला पुरायची. तिला हवं होतं ते वेगळंच. वर्षातले ते दिवस ती कुणाची आई, कुणाची सून नसायची. डिस्टिलरीतली तेजस्वी असायची.

आणि वेळ कुठनं काढायची? काढायची की! पहिले आठ दिवस बरणी दिवसातनं तीनदा ढवळावी लागते. करवंदाचा लगदा वर येतो, तो खाली दाबला नाही तर बुरशी धरते. पहिली पाळी पहाटे, नळाला पाणी यायचं तेव्हा. घागर भरेपर्यंत एकदा ढवळून व्हायचं. दुसरी दुपारी, धाकटी झोपली की. सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, दोनला जे पाठ टेकायच्या ते चहाच्या भांड्याचा आवाज आल्यावरच उठायच्या. तिसरी दिवेलागणीला, यशूला पाढे म्हणायला लावून. पोरीच्या दुधाच्या बाटल्या ज्या पातेल्यात उकळायच्या, त्यातच नळी आणि पळी उकळून निघायची. त्यासाठी वेगळा गॅस नाही, वेगळा वेळ नाही. करवंदं चुरायची तेव्हा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. वर हात चालायचे, खाली पाय चालायचा. चिकानं बोटं चिकटायची, नखं आठवडाभर जांभळी राहायची. तेवढी नखं मात्र सगळ्यांना दिसायची. पोरगी न्हाऊन-माखून, काजळ-तीट लावून झोपलीय, हे कुणाला दिसलं नाही.

आता नवऱ्याचं ऐका. विजयसिंह एका डेअरीत सुपरवायझर. ड्युटी तीनला सुटायची. तिथनं गडी मैदानावर, मैदानावरनं तालमीत, तालमीतनं कट्ट्यावर, आणि जेवायला घरी. फुटबॉलचा सीझन डिसेंबरला सुरू झाला की मे संपेपर्यंत पोरींना बाप फक्त रविवारी, तोही दाढी करताना दिसायचा. वाईट माणूस नव्हे हो. बायकोवर हात नाही, आवाज नाही. पण ह्या गड्याला आठ वर्षांत एका माणसानं, एका बाईनं, एका कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही, की बाबा, पोरींकडं कोण बघतं? तेजस्वीच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथं.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये तालमीचा फुटबॉल संघ फायनल जिंकला. रविवारी दुपारी विजयसिंहच्या गच्चीवर मटणाचा बेत ठरला. पंधरा माणसांच्या भाकऱ्या तेजस्वीनं थापल्या, आणि शर्वरीचा भरलेला लंगोट धुवायला ती मोरीत गेली. मोरीच्या जाळीवर कागदाचे ओले तुकडे चिकटले होते. तिनं एक उचलला. अक्षर तिचंच. "करवंद, मे २००१, तेजस्वी." ती दरसाली प्रत्येक बाटलीला अशी चिठ्ठी चिकटवायची. नवऱ्यानं सहाच्या सहा बाटल्या पाण्यात बुडवून चिठ्ठ्या खरवडून काढल्या होत्या.

तांबड्या रश्श्याचं पातेलं घेऊन ती जिन्यानं वर निघाली, तोवर वरनं हंबीररावांचा आवाज आला. हंबीरराव म्हणजे तालमीतले ज्येष्ठ, साठीचे, मैदानाच्या ह्या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जाणारे.

"आयला इज्या, काय चीज हाय ही! नादखुळा! कुठनं पैदा केलीस?"

आणि विजयसिंह म्हणाला, "गोव्यासनं आणलीया, मामा."

तेजस्वी पायरीवरच थांबली. पातेलं कढत होतं, पण हात भाजतोय हे तिला कळलंसुद्धा नाही. मग तिनं पातेलं पायरीवर ठेवलं आणि खाली निघून आली. ती लाज पोटात घेऊन रडत बसणाऱ्यातली नव्हे. ती नुसती धुमसत राहिली, महिनाभर.

मे महिन्यात बयाबाई पाटी घेऊन दारात आली, तेव्हा विजयसिंह बायकोच्या मागं-मागं करत म्हणाला, "तेजू, औंदा जरा जास्त घाल. हंबीरमामांनी पुढच्या फायनलला डझनभर बाटल्या सांगितल्यात."

"मग जावा की गोव्याला," तेजस्वी म्हणाली. "पणजीची गाडी सकाळी सहाला सुटते म्हणं."

"अगं, असं काय करतीस?"

"माझं नाव सांगा. मग डझन काय, दोन डझन देते."

"बायको घरात दारू काढती म्हणून सांगू? पेठेत तोंड दाखवू का नको?"

"पिताना तोंड कुठं ठेवलंतं?"

आक्का दारात पाय पसरून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. तेजस्वीला वाटलं, आता लेकाची बाजू घेतील. आक्का एवढंच म्हणाल्या, "लसूण संपला बघ." आणि परत मान खाली घातली. घरातला सगळा पाठिंबा तो एवढाच.

तेजस्वीनं पाटी घेतली, नेहमीसारखी एकच. वाईन घातली, आठ दिवस तीनदा ढवळली, गाळली, बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि साती बाटल्या लग्नातल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

पुढच्या एप्रिलला संघ परत जिंकला. नवरा खरंच गोव्याला गेला हो! येताना पिशवीत टॉवेल गुंडाळून बाटल्या घेऊन आला. रविवारची दुपार, तीच गच्ची, तीच माणसं, तेवढ्याच भाकऱ्या. फरक एकच. दोन वर्षांची शर्वरी खाली आजीजवळ झोपली होती, आणि तेजस्वी भाकऱ्यांची दुरडी घेऊन ह्या वेळी मुद्दाम गच्चीच्या दारात उभी राहिली.

हंबीररावांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. ग्लास उजेडात धरून बघितला.

"इज्या, ही ती न्हवं."

"तीच की, मामा."

"मला शिकवू नगंस. ही औषधावानी लागतीया. गेल्या साली आणलीतीस ती कुठल्या दुकानातली? नाव सांग. उद्याच्या उद्या कृष्णातला गाडी घिऊन धाडतो."

पलीकडं बसलेला कृष्णात खरोखरच खिशातनं पेन काढून तयार झाला. विजयसिंहनं घाम पुसला. एकदा ग्लासाकडं बघितलं, एकदा दाराकडं. दारात तेजस्वी उभी होती, आणि तिनं डोळे हटवले नाहीत.

"दुकानातली न्हवती ती," तो पुटपुटला. "घरातली हुती."

"कुणाच्या घरातली?"

"आमच्याच. हिनं केलती. करवंदाची."

तेजस्वी दारातनं एक पाऊल पुढं आली. आठ वर्षांत पहिल्यांदा 'हिनं केलती' असं नवऱ्याच्या तोंडनं निघालं होतं. पंधरा माणसं तिच्याकडं बघत होती. चांगली झाली म्हणा, वाईट म्हणा, कशी केली विचारा, करवंदाचा चीक कसा मारलास विचारा. काय वाट्टेल ते विचारा. तिच्याकडं सगळ्याचं उत्तर होतं.

हंबीररावांनी ग्लास खाली ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "सूनबाई, तुमी केलीसा? एवढा कुटाणा? मग पोरींकडं कोण बघत हुतं?"

तेजस्वीनं दुरडी दाणकन खाली ठेवली. एक भाकरी घरंगळत कृष्णातच्या पायाशी गेली.

"मामा," ती म्हणाली, आणि आवाज खालच्या गल्लीत ऐकू जाईल असा, "पोरींचा बाप तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय. मी बरणी ढवळत हुते तवाबी पोरींकडं मीच बघत हुते, आन् हे तुमच्याबरोबर मॅच बघत हुते तवाबी मीच बघत हुते. आठ वर्षं मला सगळी इचारत्यात. ह्यांना एकदा तरी इचारलंसा का?"

हंबीरराव मांडी बदलून वळले. त्यांनी विजयसिंहकडं बघितलं. मग एकेकानं बघितलं. आणि नेमकी त्याच वेळी खाली शर्वरी उठली आणि तिनं भोकाड पसरलं.

तेजस्वी जागची हलली नाही. रिकामी खुर्ची ओढून ती बसली.

विजयसिंह उठला. जिना उतरून गेला. खाली रडणं जरा थांबलं, परत वाढलं, डबे आपटल्याचा आवाज आला, आणि मग आठ वर्षं बाप असलेल्या माणसाची हाक वर आली, "तेजू! हिची दुधाची बाटली कुठाय?"

"पातेल्यात बघा," तेजस्वी बसल्या जागेवरनं ओरडली. "माझ्या पळीशेजारी. आठ वर्षं तिथंच असते."