अर्ध्यावर राहिलेली दाढ

रेवसहून परतणाऱ्या एसटीचा कंडक्टर दारात उभा राहिला, तेव्हा मी दवाखान्याच्या खोलीत स्टोव्हवर पाणी उकळत ठेवलं होतं. त्याच्या हातात वसूची कातडी बॅग होती. बॅग आली होती, वसू आला नव्हता. "आक्का, बाहेर या जरा," म्हणत त्याने टोपी काढली आणि तो सांगायला लागला. रेवसला गाडीतून उतरल्यावर वसू धक्क्याकडे चार पावलं चालला आणि छातीवर हात धरून खाली बसला, तो उठलाच नाही... कोळ्यांनी उचलून शेडखाली आणलं, पाणी पाजायला गेले, पण ते आत गेलं नाही. हे सगळं ऐकून मी काय म्हणाले असेन? "पाणी उकळलंय, आता त्यात औजारं कोण टाकणार?" असं म्हणाले. माणसाच्या तोंडून अशा वेळी काय निघेल याचा नेम नाही. महिना होऊन गेला, तरी मी अजून एका जागी बसू शकत नाही. भाजी चिरायला घेते, अर्धी टाकून उठते. हा मजकूरसुद्धा उठत-बसत लिहिते आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

वसू माझा धाकटा भाऊ, अलिबागचा दातांचा डॉक्टर. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईहून शिकून आला आणि आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत त्याने खुर्ची मांडली. लग्न केलं नाही. मी विधवा होऊन माहेरी आले आणि त्याच्या दवाखान्याची दरवान, औजारं उकळणारी आणि रोग्यांना दटावणारी अशी सगळीच झाले. माझा स्वभाव तापट. त्याचा इतका थंड, की मला आणखी ताप यायचा. तेव्हा इकडे दात दुखला तर लोकांना एकच माहीत होतं, उपटायचा आणि मोकळं व्हायचं. बायका आधी मशेरी भरून बघत, मग लवंग धरत, मग रडत यायच्या आणि म्हणायच्या, काढून टाका. आणि हा म्हणायचा, "काढायला काय, दोन मिनिटं. वाचवता येतो का बघू." मी आतून ओरडायची, "अरे ती एवढी कळवळतेय, उपट की!" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

त्याचं ते दात वाचवणं काय होतं, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. एकदा मीच चिडून विचारलं, तेव्हा त्याने शेवग्याची शेंग मोडून दाखवली. दात वरून दगडासारखा दिसतो, पण आत अशी पोकळी असते, तिथे नस असते, ती मुळाच्या टोकापर्यंत गेलेली असते. कीड तिथवर पोचली की नस सुजते, मग सडते, आणि माणूस भिंतीवर डोकं आपटतो. वसू दाढेला वरून भोक पाडायचा, पायाने चालवायच्या त्या घरघरत्या मशीनने. मग सुईपेक्षा बारीक, खरखरीत काड्या एकामागून एक मुळात घालून बोटांनी फिरवत नस काढायचा आणि आतली घाण साफ करायचा. औषध घातलेली कागदाची बारीक वात आत ठेवायचा, वर लवंगेच्या तेलात मळलेलं पांढरं लुकण लावून भोक बंद करायचा. काही दिवसांनी पुन्हा उघडायचा, पुन्हा साफ करायचा. वास गेला, पाणी यायचं थांबलं, की मगच झाडाच्या चिकाची गुलाबी काडी मुळात बसवून दाढ कायमची भरायची. एवढं झाल्यावरही सांगायचा, नस गेलेला दात ठिसूळ होतो, त्यावर धातूची टोपी चढवून घे, कुर्ल्यांचे नांगे त्या बाजूने फोडू नकोस.

खरी गंमत, म्हणजे खरा ताप, पहिल्याच बैठकीत होता. नस निघाली की दुखणं थांबायचं. साफ थांबायचं. रात्रभर रडलेला माणूस सकाळी हसत घरी जायचा आणि परत यायचाच नाही. का येईल? दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे जगाचं गणित. त्यात आमचे कोळी. होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेवढे दिवसच त्यांना सवड, म्हणून वसू त्यांचे दात पावसातच हातात घ्यायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की जो तो समुद्रात, मग कसला दात आणि कसला डॉक्टर. शिवाय जाळी विणताना दोरा दातानेच तोडायची त्यांची सवय. कात्री शेजारी पडलेली असली तरी दोरा तोंडातच जायचा. वसूने लावलेलं लुकण असं कितीदा तरी दोऱ्याबरोबर बाहेर आलं असेल.

थळचा धाकू असाच फसला. पहिल्या बैठकीनंतर दुखणं थांबलं, गडी खूश, होडी घेऊन गेला. दोरा तोडताना लुकण कधी पडलं त्याला कळलंही नाही. उघड्या दाढेत घाण गेली, आतल्या आत पू झाला, आणि नस नसल्यामुळे सुरुवातीला त्याला काहीच जाणवलं नाही. परत आणला तेव्हा गाल मानेपर्यंत सुजला होता, तोंड उघडत नव्हतं, श्वास अडकत होता. मुंबईला नेऊन जीव वाचवला, पण जबड्याचा तुकडा गेला. त्याची आई आमच्या दारात येऊन वसूला वाटेल ते बोलली. मी तिच्यावर तुटून पडणार होते, वसूने मला दंडाला धरून आत ढकललं. संध्याकाळी जेवायला बसला नाही. म्हणाला, "आक्का, चूक त्याची नाही. दुखणं थांबलं म्हणजे काम संपलं नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, कळत असेल."

त्या दिवसापासून त्याने एक रीत धरली. बैठक संपली की रोग्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "आज एवढंच. अजून झालेलं नाही." प्रत्येकाला, दर वेळी. दाढ कायमची भरली की मगच म्हणायचा, "झालं, ऊठ आता." हे शब्द ऐकल्याशिवाय कुणी सुटला असं समजायचं नाही. जो यायचा नाही त्याच्याकडे हा बॅग घेऊन स्वतः जायचा. किहीमला वाडीत, थळला, रेवसजवळच्या बोडणीला. मी म्हणायची, "लोकांच्या तोंडामागे धावणारा डॉक्टर जगात तू एकटाच." तो हसायचा.

यंदा बोडणीच्या हिरू तांडेलाची दाढ अर्धी होती. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, अंगाने दणकट. दुखणं थांबल्यावर त्याने तोंड दाखवलं नाही, आणि नारळी पौर्णिमा जवळ येत चाललेली. आणखी एक दाढ अर्धी होती, माझी. त्या सकाळी वसूने मला खुर्चीत बसवून औषधाची वात बदलली, लुकण लावलं, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज एवढंच, आक्का. अजून झालेलं नाही." मग बॅग उचलून रेवसच्या एसटीत बसला. माझं आणि त्याचं शेवटचं बोलणं ते... त्यात निरोप नव्हता की काही नव्हतं.

दिवस-पाणी झालं. माणसं येऊन गेली. घर रिकामं झालं आणि माझ्या डोक्यात एकच घुमायला लागलं, हिरूच्या तोंडात ते लुकण आहे. आज पडेल, उद्या पडेल. होड्या सुटायला थोडेच दिवस उरले होते. वसू ज्या कामासाठी गेला ते काम तसंच पडून आहे, आणि उद्या त्या माणसाचा धाकू झाला तर पुन्हा वसूचंच नाव निघणार. मला झोप लागेना. एके सकाळी उठले, एसटी धरली आणि बोडणी गाठली.

हिरू शेडखाली जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, पण नजर वर करेना. मी घडाघडा बोलले. मुंबईला जा, लॉन्च रोज आहे, वसूबरोबर शिकलेले एक डॉक्टर तिथे आहेत, मी चिठ्ठी देते, होडी सुटायच्या आत दाढ पुरी करून घे.

"मना आता दुखत न्हाय, बाय," तो हळूच म्हणाला.

माझा तोल गेला. "दुखत नाही म्हणूनच तो येत होता! तुझ्याकडेच येत होता त्या दिवशी!"

"म्हाईत हाय मना." त्याने हातातला दोरा ओढला. "मीच उचलला त्यास्नी. बॅग बगितली तवाच समाजलो. म्हनून तर तुमच्या दारान आलो न्हाय." मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला, "दुसऱ्याच्या हातान तोंड द्याला जीव होत न्हाय. डाक्टर बोलले व्हते, अजून जालेला न्हाय. ते बोलनार व्हते ना, जाला म्हनून... आता कोन बोलल?"

समोर भरतीचं पाणी होड्यांच्या बुडाला लागत होतं. तेवढ्यात त्याने मान वर केली आणि विचारलं, "तुमची दाढ, बाय? मी मागं आलो तवा तुमी बी खुर्चीन व्हतात. तुमची जाली?"

मी गालाला हात लावला. माझी जीभ रात्रंदिवस त्या लुकणावरून फिरत होती. लवंगेची चव अजून येत होती, आणि ती जाईल म्हणून मी त्या बाजूने खातही नव्हते. मुंबईचा पत्ता माझ्याजवळ होता, चिठ्ठी लिहायला हात होता, फक्त मी जात नव्हते. हिरूला शिव्या घालायला एवढ्या लांब आलेली मी त्याच्यासारखीच निघाले. म्हटलं, "नाही झाली. चल, दोघंही जाऊ."

दुसऱ्या दिवशी रेवसच्या धक्क्यावरून आम्ही लॉन्चमध्ये बसलो. जिथे वसू खाली बसला होता त्या जागेवरून जाताना हिरूने पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. समुद्र खवळलेला होता, बायका ओकत होत्या, मी दांडा धरून उभीच राहिले.

मुंबईत डॉक्टरांनी आधी हिरूची दाढ तपासून पुरी केली. त्याचं नशीब, लुकण टिकलं होतं आणि आत सगळं स्वच्छ होतं. म्हणाले, आता भरायचंच तेवढं बाकी होतं. मग मी बसले. त्यांनी माझ्या दाढेवरचं लुकण काढलं, आतली वात उचलली, आणि लवंगेचा वास एकदम वर आला. आमच्या पुढच्या खोलीचा, वसूच्या बोटांचा वास. मी डॉक्टरांचं मनगट धरलं.

"दुखलं का?"

मी मान हलवली, हो.

"त्यात नस नाही, बाई. दुखायला नको."

"दुखतंय," मी म्हणाले. "जरा थांबा."

ते थांबले. दारात उभा असलेला हिरू तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. मग मीच म्हणाले, चालू द्या. दाढ भरून झाल्यावर डॉक्टर हात धुवायला गेले आणि पाठ करूनच म्हणाले, टोपीसाठी पुढच्या महिन्यात या.

नारळी पौर्णिमा झाली, हिरूची होडी गेली. माझी दाढ आता गुळगुळीत आहे, लवंगेची चव गेली, तरी जीभ तिथेच जाते. सकाळी सवयीने स्टोव्ह पेटवते. कुणी गाल धरून आलंच तर मुंबईचा पत्ता देते आणि बजावते, दुखणं थांबलं म्हणून घरी बसू नका. ते गेले की वसूच्या खुर्चीत जाऊन बसते. दिवसभर कुठेच न टेकणारी मी, तिथे मात्र बसून राहते. खांद्यावर हात पडेल आणि कुणीतरी म्हणेल, "झालं, ऊठ आता..." तोवर उठवत नाही.