नवसाचा चुडा घेऊन सौंदत्तीला

माझ्या छातीत कळ आली तेव्हा बायकोनं यल्लम्माला नवस बोलला. हा माणूस उठला तर हुबळीहून सौंदत्तीला पायी येईन आणि अहेव पुनवेला तुला हिरवा चुडा भरीन. मी उठलो. ती गेली. आजारी नव्हती, काही नव्हतं. भाकरीचं पीठ मळताना मागं टेकून बसली, ती बसलीच. आम्ही जातीचे कासार, जुन्या हुबळीत बांगड्यांचं दुकान. तिला नेताना तिचा चुडा मीच भरला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

नवस राहिला. देवीसाठी तिनं स्वतः निवडून ठेवलेला चुडा दुकानातल्या फळीवर तसाच होता, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेला.

"बसनं जा अप्पा," मुलगा म्हणाला. "देवीला काय कळतंय?"

"देवीला नसेल कळत. तुझ्या आईला कळेल."

गल्लीतल्या बायका दरवर्षी चालत जातात, त्यांच्याबरोबर निघालो. पुढारी म्हणजे एक थोराड अक्का, तोंडात कायम पान. तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"अण्णा, मध्येच बसलात तर उचलून नेणार नाही हं."

"नका नेऊ. तिथंच पुरा."

"कुदळ आणलीय का पण?"

बायका खदाखदा हसल्या. मलाही बरं वाटलं. बायको गेल्यापासून लोक माझ्याशी दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलायचे.

पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं काही नाही. रायापूर मागं पडेपर्यंत गाड्या, भोंगे, धूर. धारवाडात एका देवळाच्या ओवरीत पडलो. दुसऱ्या दिवशी अम्मिनभावी ओलांडलं आणि ऊन वर आलं, तेव्हा मी रस्त्यातच थांबलो.

माझा जन्म गल्लीत गेला. तिथं आभाळ म्हणजे दोन पत्र्यांमधली पट्टी. इथं त्याला कडच नव्हती. खाली काळी जमीन, तिच्यावर माणूस बुडेल एवढा जोंधळा, मध्ये करडईचे पिवळे-केशरी पट्टे. वारा आला की अख्खं शेत एका कुशीवर वळायचं आणि परत सरळ व्हायचं. हरभऱ्यावर दव होतं, त्यावर ऊन पडलं. जन्मभर काच विकली मी, चकाकणारं काही मला नवीन नाही. पण ते बघितलं आणि वाटलं, आपण आजवर कशाचं दुकान मांडून बसलो होतो?

आणि माणसं! प्रत्येक पायवाटेनं माणसं येऊन रस्त्याला मिळत होती. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, तोंडात "उधो उधो". मागं बघितलं तर रांगेचा शेवट दिसेना, पुढं बघितलं तर सुरुवात दिसेना. दर्शनाच्या रांगेत भांडणारी हीच माणसं असतात. इथं कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

हारोबेळवडीच्या पुढं एका शेताच्या कडेला शेतवाल्यांनी चूल मांडली होती. येईल त्याला भाकरी, शेंगाची चटणी, ताक. नाव नाही, जात नाही, काही विचारणं नाही. ताक वाढणाऱ्या बाईनं आधी माझे पाय धरले. मी म्हटलं, बाई, मी साधा दुकानदार. ती म्हणाली, आज तुम्ही देवीच्या वाटेवरचे.

तिचे हात मोकळे होते. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवीचा नवरा मारला जातो, म्हणून देवीबरोबर भक्त बायकाही बांगड्या वाढवतात. फोडणं हा शब्द आम्ही कासार तोंडात आणत नाही. माघातल्या अहेव पुनवेला तिचा नवरा परत उठतो, आणि सगळ्यांचे हात परत भरतात. देवीचं माणूस येतं परत. आमचं येत नाही.

"आमचे अण्णा बळेगार आहेत," अक्का तिला म्हणाली. कन्नडात कासाराला बळेगार म्हणतात. झालं, ती बाई माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"मग भरा की अण्णा. सासू अंथरुणाला खिळलीय, मला देवीच्या डोंगरावर यायला होत नाही."

आणि तिनं हात पुढं केला.

बाईचा हात समोर आला की कासाराचा हात चालतो. डोकं मागून येतं. कधी चिंधीची गाठ सोडली, कधी तिच्या अंगठ्याचा सांधा दाबला, मला सांगता येणार नाही. राबणारा हात, घट्टे पडलेला, बांगडी जाता जात नव्हती. त्यातच गुंगलो. एक हात भरला, दुसऱ्यात दोन गेल्या, तेव्हा अक्का किंचाळली.

"अण्णा! देवीच्या त्या!"

ती बाई घाबरून बांगड्या ओढायला लागली. मी तिचं मनगट धरलं. सवाष्णीच्या हातात भरलेली बांगडी कासार काढत नाही. आणि एक हात भरून दुसरा अर्धा सोडणंही होत नाही. मी उरलेल्या भरत गेलो. चिंधीत दोनच राहिल्या. बाईनं रीतीप्रमाणे वाकून मला नमस्कार केला. मला तिच्याकडे बघवेना.

"बायकोचा नवस वाटून टाकलात," अक्का म्हणाली.

"टाकला."

"डोंगरापाशी हव्या तेवढ्या मिळतात. नवीन घेऊ."

"त्या तिनं निवडलेल्या नाहीत."

मग दिवसभर अक्कानं थट्टा केली नाही. मी मनातल्या मनात बायकोला सांगत चाललो होतो, चुकलं बघ. हात पुढं आला आणि चुकलं.

पुनवेच्या सकाळी डोंगर चढलो. भंडाऱ्यानं हवाच पिवळी झाली होती. दगड दिसत नव्हता, नुसती माणसं. दोन्ही बाजूंना कासार बसलेले, आणि प्रत्येकापुढं बायकांचे हात. इतके मोकळे हात एका जागी मी कधी बघितले नव्हते, आणि ऊन कलायच्या आत ते सगळे हिरवे होणार होते. धंद्याची एवढी वर्षं झाली, पण आपण काय भरतो हे मला त्या पायरीवर कळलं. माझी छाती भरून आली. ती पहिली कळ नव्हे, दुसरीच.

देवीपुढं सरळ बोललो. "तिचा चुडा वाटेत एका बाईला भरला. ह्या दोन राहिल्यात. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको."

पुजाऱ्यानं दोन्ही देवीच्या पायाला लावल्या, एक ठेवली, एकीला कुंकू लावून मला परत दिली.

"घरच्यांना घाला."

"घरचं माणूस गेलं."

तोवर त्याचा हात पुढच्या माणसाकडे गेला होता.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. बांगडी खिशात घालवेना, कुणाला द्यायचीही नव्हती. शेवटी माझ्याच बोटांत अडकवली. आमच्या बाजारात बाप्याच्या हातात बांगडी म्हणजे शिवी. त्या डोंगरावर देवीला वाहिलेले बाप्ये, जोगप्पा, साड्या नेसून फिरतात, माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. सांध्यावर येऊन ती अडली. पुढं जाईना, मागं येईना.

अक्का शोधत आली. बघितलं, पान थुंकलं, समोर बसली. काढू का, असं तिनं विचारलंही नाही. माझा पंजा आपल्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठा आत दाबला.

"हात सैल सोडा अण्णा."

हे आयुष्यभर मी बायकांना म्हणत आलो, मला कुणी म्हटलं नव्हतं. मी हात सोडला. बांगडी आत गेली. दुखलं चांगलंच.