सुधीरची राहिलेली पीएच.डी.

सुधीर गेल्याचा फोन शेजारच्या काकूंकडे आला. रडू फुटण्याआधी माझ्या तोंडून निघालं, “मेल्या, शेवटी अर्धवटच टाकून गेलास ना!” काय बोलले ते मग कळलं.

माझा धाकटा भाऊ. दुर्गच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, राहायला स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 2 मध्ये. रविवारी आमच्याकडे स्मृती नगरला जेवायला यायचा आणि वरणभात निवत ठेवून क्वांटम सांगत बसायचा. “ताई, समज, प्लांटच्या गेटवर टाइमावर पोचलेल्याइलेच विचारलं, रस्ता कसा होता? बराच होता म्हनतीन! पंक्चरवाले तर मोजलेच नाही ना.” शेवट पाहून निवडलेल्या कणांची मधली मोजणी कशी वाचायची, हा त्याचा विषय. जगापासून अलग ठेवलेल्या कणांचं सूत्र म्हणे आधीच होतं, सुटसुटीत. ह्याला हवं होतं आजूबाजूच्या उष्णतेचे, हवेचे धक्के खाणाऱ्या कणांचं… ते काही जुळेना.

नागपूरचे गाइड म्हणाले, धक्के सोडा, सोपं तेवढं लिहा, डिग्री घ्या. मी तर हातच जोडले. “लिहून टाक ना बाप्पा! कोन पाहून राहिलं?”

“मी पाहून राहिलो ना,” तो म्हणाला. “धक्का लागत नाही असा कण दाखव मले एक तरी.”

कप्पाळ माझं! त्याची बायको मीना त्याच्या प्रमोशनची वाट पाहून थकली. आई तर ‘माह्या पोराच्या नावाआधी डॉक्टर लागू दे’ म्हणत म्हणतच गेली. दर दिवाळीला मी विचारायचं, दर दिवाळीला ह्याचं एकच, “होऊन राहिलं.” डोकं फिरायचं माझं.

मागच्या महिन्यात कॉलेजात शोकसभा झाली. फळ्यावर खडूनं सुबक लिहिलेलं, ‘डॉ. सुधीर यांना श्रद्धांजली’. एकेक जण उठून सांगत होता, देवमाणूस, कधी आवाज चढवला नाही… काहीतरीच! साध्या कंडक्टरशीसुद्धा तासभर वाद घालणारा माणूस तो. आणि बोलणारे कोण, तर त्याच्या थिसिसवर स्टाफरूममध्ये खिदळणारेच. फळ्याकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं.

मीना माझ्या कानाशी लागली, “ताई, ते ‘डॉ.’ राहू द्याचं का तसंच? आईले किती हौस होती…”

हौस मला नव्हती? त्या एका अक्षरासाठी जन्मभर भांडले त्याच्याशी. उठले, भरल्या सभेत फळ्यापाशी गेले आणि पदरानं तेवढं ‘डॉ.’ पुसून टाकलं. इतका हट्टी भाऊ देवानं कोणाला देऊ नये.