एसीच्या फटीतल्या चिमण्या

आखातातल्या लढाईच्या त्या हिवाळ्यात मी एकाही माणसाच्या उपयोगी पडलो नाही. चिमण्या मात्र मारल्या.

सौदीच्या उत्तर टोकाला, सरहद्दीकडच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होतो. सौदी म्हणजे नुसता उन्हाळा अशा समजुतीने आईने विणलेला स्वेटर मी मुंबईत मावशीकडे टाकून गेलो होतो. जानेवारीत तिथे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. मी दोन शर्ट, त्यावर लॅबचा डगला आणि डोक्याला टॉवेल अशा थाटात रक्त तपासायचो. रोगी मला बघून स्वतःचं दुखणं विसरत.

खोलीत माझ्यासोबत चाचा होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, हॉस्पिटलच्या भटारखान्यात आचारी. लढाई पेटल्यापासून त्यांना घरचं पत्र नव्हतं, फोन लागत नव्हता. त्यांचा सगळा जीव खिडकीतल्या एसीशेजारच्या फटीत गुंतला होता. एसीचा डबा आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची जागा होती. खोलीतल्या हीटरची ऊब तिथपर्यंत जायची, म्हणून संध्याकाळ झाली की चिमण्या तिथे येऊन एकमेकींना चिकटून बसत. सकाळी चाचा भिजवलेली रोटी कुस्करून खिडकीबाहेर ठेवत आणि मोजत. अकरा. त्यातल्या एकीच्या पंखात एक पांढरं पीस होतं.

"ही आमची मोठी सून," चाचा म्हणत. "सगळ्यांच्या आधी खाते आणि सगळ्यांना टोचते."

मग विषारी गॅसची आवई उठली. हॉस्पिटलने सगळ्यांना मास्क दिले आणि खिडक्या-दारांच्या फटी बंद करा म्हणून पत्रक काढलं. मी लॅबवाला, म्हणजे गॅसमधलं मलाच कळणार, असं मी स्वतःच ठरवलं. हॉस्पिटलची चिकटपट्टी घेऊन मी इमारतभर हिंडलो. एका नर्सबाईंची खिडकी अशी चिकटवली की ती पुढे उघडलीच नाही. शेवटी आमच्या खोलीत आलो आणि एसीच्या फटीत जुनी लुंगी कोंबून तिच्यावर आतून-बाहेरून पट्टी मारायला लागलो.

"अरे शहाण्या, त्या कुठं जातील?" चाचांनी विचारलं.

"चाचा, एवढं आभाळ मोकळं पडलंय त्यांना. गॅस आला तर आपण कुठं जाणार?"

"आभाळात कोण झोपतं रे?" एवढंच बोलून ते रात्रीच्या जेवणाच्या तयारीला भटारखान्यात गेले.

सूर्य मावळताना चिमण्या आल्या. मी खोलीत एकटाच होतो. चिकटपट्टीवर आधी एक चोच वाजली, मग पुष्कळ. टिक, टिक, टिक. मला गंमत वाटली. मीही आतून बोटाने टिक, टिक केलं. थोड्या वेळाने आवाज थांबला. माझी पट्टी किती पक्की बसली, याचा मला अभिमान वाटला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी बाहेर पडलो तर आमच्या खिडकीखाली, सिमेंटवर, सात चिमण्या. पाय वर, पिसं फुगलेली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. "गॅस! गॅस!" ओरडत मी मास्क चढवला. फिल्टरचं झाकण काढायचं असतं हे विसरलो, त्यामुळे श्वासच येईना. म्हणजे गॅस भलताच जोरदार, अशी माझी खात्री पटली आणि मी तिथेच फतकल मारून बसलो. इमारतीतली माणसं मास्क लावून, चपला टाकून पळाली.

आमच्या हॉस्पिटलातल्या नागपूरकडच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या जवळ आल्या. त्यांनी माझा मास्क ओढून काढला, एक चिमणी उचलून छातीचं हाड चाचपलं.

"गॅस कसला हो? थंडीनं गेल्या या. एवढ्याशा जिवाच्या अंगात एका रात्रीपुरतीच चरबी असते. आडोसा नसेल तर तीही पुरत नाही." मग त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. "ती पट्टी कुणी लावली?"

पण तोवर मला पांढरं पीस दिसलं होतं. भटारखान्याकडून चाचा येत होते, मास्क न लावता, हाताला पीठ. मी वाकलो आणि मोठी सून उचलून डगल्याच्या खिशात टाकली. लॅबमध्ये काचा हाताळून माझा हात तेवढा मात्र सफाईदार झाला होता.

चाचा उकिडवे बसले. एकेक चिमणी गालाला लावून बघितली.

"गार आहेत," म्हणाले. मग पुन्हा एकेकीचा पंख उघडून बघू लागले. "आमची ती नाही यात. काल संध्याकाळी आल्या होत्या का रे?"

"नाही, चाचा. दिसल्या नाहीत."

"मग आमच्या दुसरीकडं गेल्या असतील. ह्या कुणाच्या तरी दुसऱ्या."

खिशात माझ्या हाताला ती लागत होती. दगडासारखी कडक, आणि वजन म्हणाल तर नाहीच.

पट्टी आणि लुंगी मी त्याच दिवशी ओढून काढली. फट उघडी राहिली. वारा आत यायचा, चिमण्या नाही आल्या. चाचा रोज रोटी भिजवत राहिले. दुपारी ती वाळून कडक व्हायची, संध्याकाळी ते ती खरवडून काढायचे. मी खरं सांगितलं असतं तर दोन दिवस रडून मोकळे झाले असते. माझ्यामुळे वाट बघत बसले.

लढाई संपली. मास्क परत गेले. चाचांना घरचं पत्र मिळालं, सगळे सुखरूप होते. उन्हाळ्याआधी ते कायमचे गावी निघाले. त्यांची ट्रंक मी बसपर्यंत उचलली आणि वाटेत त्यांच्याच पायावर आपटली.

"रोटी ठेवत जा," पाय चोळत ते म्हणाले. "आणि ती आली की पत्र टाक."

महिनाभर मी टाळलं. मग त्यांचंच पत्र आलं. घरच्यांची हकीगत दोन ओळींत, आणि खाली, मोठी सून आली का?

मी लिहिलं, आली. आल्या आल्या सगळ्यांना टोचायला लागली.

पुढे चार वर्षं ते विचारत राहिले आणि मी लिहीत राहिलो. पत्रांत तिला दोनदा पिल्लं झाली. त्यातल्या एकालाही मी पांढरं पीस दिलं होतं; एकदा ते लिहायला विसरलो, तर चाचांनी पुढच्या पत्रात आठवण करून दिली.